कारण, दोष आणि कर्तव्य

सांगलीहून तासगांवच्या रस्त्यास लागलें म्हणजे माधवनगर येतें. कापडगिरणी आणि माग यांच्या आवाजावर या गांवाच्या कित्येक पिढ्यांनीं आपले दिवस आणि रात्री मोजल्या. येथील एका परिचित घरीं जाण्याचा प्रसंग आम्हांस मध्यंतरीं आला. घरांतील वीस-बावीस वर्षांचा मुलगा यंत्रमागावर रात्रपाळी करीत असे. वडील वारले होते, त्यांच्या दुखण्यासाठीं काढलेलें कर्ज मुलाच्या अंगावर आलें होतें, आणि पांच-सहा महिने त्याला धड झोप नव्हती. एके रात्रीं मागांच्या खडखडाटांत त्याला आपलें नांव ऐकूं आलें. पुढें माग बंद असतांनाही तें ऐकूं येऊं लागलें. शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कांहीं तरी शिजवीत आहेत अशी त्याची खात्री झाली, आणि अन्नांत विष असेल या भयानें त्यानें आईच्या हातचें जेवण सोडलें.

अशा वेळीं सल्ल्यांची उणीव पडत नाहीं. शेजारच्या एका वृद्ध बाईनें बाहेरची बाधा ओळखली आणि मुलास औदुंबरास नेण्यास सुचविलें. चुलत्यानें, 'पोरगं मनाचं कच्चं' असा निकाल दिला. मिरजेच्या डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें आणि जागरण, मनावरील ताण व मेंदूंतील रसायनें यांचा संबंध सोप्या भाषेंत समजावून सांगितला. आम्हांस वाटलें, या तिसऱ्या उत्तरानें आईच्या मनावरचें ओझें उतरेल. परंतु ती माउली म्हणाली, "भाऊ, भूत असतं तर ते बाहेरनं आलं म्हटलं असतं. ताण म्हणजे घरचाच की. मग माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा."

त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण तो मुळांत नीतीचा आहे: रोगाचें कारण सांपडलें म्हणजे अपराधी सांपडला काय? या प्रश्नाचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न नवा नाहीं. चरकसंहितेंत उन्मादाचे पांच प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त व कफ यांपासून एकेक, तिघांच्या सन्निपातापासून चौथा, आणि पांचवा आगंतु म्हणजे बाहेरून आलेला. भय, क्रोध, शोक यांच्या आघातानें चित्त बिघडतें, हेंही त्या ग्रंथकारास पुरतें ठाऊक होतें. पण त्याच्या बुद्धीचें धैर्य दिसतें तें आगंतु उन्मादाच्या विवेचनांत. देव, गंधर्व, पिशाच यांना उगाच बोल लावूं नये, माणसाच्या स्वतःच्या प्रज्ञापराधावांचून ते त्याला पीडा देत नाहींत, असें तो बजावतो. भुताखेतांवरचा आरोप काढून घेण्याचें हें काम लहान नव्हे. मात्र तो आरोप हवेंत विरून गेला नाहीं. भुताच्या माथ्यावरून उतरून तो रोग्याच्या माथ्यावर बसला. चुलत्याचें 'मनाचं कच्चं' हें वाक्य त्याच प्रज्ञापराधाचें खेड्यांतलें रूप आहे.

आपल्या भाषेचीही यांत थोडी गंमत आहे. वैद्य ज्या शब्दानें वात-पित्त-कफ सांगतो, त्याच शब्दानें न्यायाधीश अपराध सांगतो. दोन्हीं ठिकाणीं शब्द एकच, 'दोष'. शरीराचा दोष आणि माणसाचा दोष यांची गल्लत आपल्या बोलण्यांतच मुरलेली असल्यामुळें, वैद्यानें पहिला उच्चारला कीं ऐकणाराच्या मनांत दुसरा आपोआप उमटतो. माधवनगरच्या त्या आईचें नेमकें हेंच झालें होतें.

आतां डॉक्टरांनीं जें सांगितलें तें काय आहे, तें पाहूं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथि आहेत. संकटाची चाहूल लागली म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शेजारच्या पिच्युइटरी ग्रंथीस रासायनिक निरोप देतो. ती तो निरोप रक्तावाटे मूत्रपिंडांवरील ग्रंथींस पोहोंचविते. आणि तेथून कॉर्टिसॉल नांवाचा अंतःस्राव रक्तांत उतरतो. त्यानें रक्तांतील साखर वाढते आणि शरीर झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतें. पुरेसा कॉर्टिसॉल झाला कीं तोच उलट मेंदूस 'आतां पुरे' असें कळवितो आणि स्राव ओसरतो. एरवीही तो पहाटे चढतो व रात्रीं उतरतो. इ. स. १९३६ मध्यें हान्स सेल्ये यानें उंदरांवरील प्रयोगांवरून असें दाखविलें कीं, थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य असे आघात निरनिराळे असले तरी शरीर त्यांस बऱ्याच अंशीं एकाच साच्याचें उत्तर देतें. वाघ पाहिला तर हें उत्तर उपयोगी पडतें, कारण वाघ थोड्या वेळांत निघून तरी जातो किंवा खाऊन तरी टाकतो. कर्जाचे हप्ते आणि रात्रपाळी यांचें तसें नसतें. तेथें 'आतां पुरे' हा निरोप देण्याची वेळच येत नाहीं.

हा स्राव आणि मनाचा भ्रम यांचा कांहीं संबंध आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ताणाच्या अभ्यासांतून आलेला नाहीं. तो औषधाच्या बाटलींतून आला. १९३२ साली हार्वी कुशिंग यानें पिच्युइटरीच्या गांठीमुळें होणाऱ्या एका विकाराचें वर्णन केलें. त्यांत हा स्राव प्रमाणाबाहेर वाढतो, आणि अशा रोग्यांपैकीं कांहींना खोल विषाद व क्वचित् भ्रमही होतो. १९४८ मध्यें फिलिप हेंच यानें याच ग्रंथींतील कॉर्टिसोन हें द्रव्य संधिवाताच्या रोग्यांस टोचलें, आणि अंथरुणास खिळलेलीं माणसें उठून चालूं लागलीं. १९५० चें नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइशस्टाइन यांना मिळालें तें या ग्रंथींच्या स्रावांवरील संशोधनासाठींच. परंतु चालूं लागलेल्यांपैकीं कांहींची झोप उडाली, कांहीं अकारण हर्षानें भरून गेले आणि कांहींना नसलेले आवाज ऐकूं आले. १९७२ मध्यें अमेरिकेंत बॉस्टन येथील अभ्यासांत प्रेड्निसोन या तत्सम औषधाची मोजदाद झाली. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत शेंकडा १.३ जणांना मानसिक विकृति झाली. ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत शेंकडा ४.६, आणि ८० हून अधिक घेणाऱ्यांत शेंकडा १८.४. मात्रा कमी केली कीं बहुतेकांचें मन ठिकाणावर येतें.

या आंकड्यांचा नीतीशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. आमच्या मतें फार मोठा आहे. गुडघे दुखतात म्हणून गोळी घेणारा गृहस्थ आठ दिवसांत आपल्या बायकोवर विषप्रयोगाचा संशय घेतो आणि गोळी उतरवितांच पुन्हां तिच्या हातचा चहा पितो. यांत त्याचा कोणता प्रज्ञापराध झाला? त्याचें मन कच्चें होतें काय? बायकोचें कांहीं चुकलें काय? येथें सर्वांसच मान्य होईल कीं कारण आहे, पण दोष कोणाचाच नाहीं. ही एक गोष्ट मान्य झाली म्हणजे भ्रम हा शीलाचा पराभव आहे, ही जुनी समजूत कायमची ढासळते. भ्रमिष्ट होणें हें मोडलेल्या हाडासारखें आहे. त्यानें माणसाची किंमत ठरत नाहीं.

परंतु याच आंकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीं तर आपण एका अंधश्रद्धेंतून निघून दुसरींत शिरूं. सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकीं ऐशींहून अधिक माणसें शुद्धीवरच राहिलीं. शिवाय औषधाची मोठी मात्रा आणि शरीराचा स्वतःचा स्राव या अगदीं सारख्या गोष्टी नव्हेत. भ्रमाच्या पहिल्या आजारांत कांहीं रोग्यांत कॉर्टिसॉल वाढलेला आढळतो, तर कांहींत सकाळीं उठतांना होणारी त्याची स्वाभाविक वाढच मंदावलेली आढळते. आणि ज्याला चोवीस तास कोणी तरी आपला जीव घेणार असें वाटतें, त्याचा कॉर्टिसॉल त्या भयानेंच चढणार. मग आधीं काय आणि मागून काय? विषादाबरोबर येणाऱ्या भ्रमावर कॉर्टिसॉलचें कार्य अडविणारें मिफेप्रिस्टोन हें औषध देऊन पाहिलें, तरी त्यास निर्विवाद यश आलें नाहीं. एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्यांपैकीं एकास स्किझोफ्रेनिया झाला, तरी दुसरा निम्म्या वेळां तरी त्यापासून मुक्त राहतो. यावरून वंश हा सर्वस्वी निर्णायक नाहीं आणि एकटा ताणही नाहीं. १९७७ मध्यें झुबिन व स्प्रिंग यांनीं मांडलें तें असें कीं, प्रत्येकाची सोसण्याची सीमा वेगळी असते आणि ताण ती ओलांडतो तेव्हां आजार उघडा पडतो. १९९७ मध्यें वॉकर व डिफोरिओ यांनीं त्यांत कॉर्टिसॉल आणि डोपामिन हे दुवे जोडले. हें चित्र पटण्याजोगें आहे. पण अजून तें चित्र आहे, निकालपत्र नव्हे.

सांगलीकरांना हें समजावून सांगण्यास फार लांब जावयास नको. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर गेलें. तेव्हां कोणी पावसास बोल लावला, कोणी कोयनेच्या विसर्गास, कोणी अलमट्टीच्या फुगवट्यास, तर कोणी पूररेषेंत उभ्या राहिलेल्या इमारतींस. भ्रमाचा पूरही असाच अनेक ओढ्यांनीं भरतो. त्यांतला एखादा ओढा बोटानें दाखवून 'हाच तो' म्हणणें सोपें असतें आणि बहुधा अपुरें असतें.

अशा बोट दाखविण्याचें एक जुनें उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांतच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. तीन वर्षांच्या वयांत आई गेली, आणि पुढचें सारें आयुष्य नाना फडणविसांच्या कडक देखरेखीखालीं गेलें. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं पडले आणि दोन दिवसांनीं वारले. वय अवघें एकवीस. कोणी म्हणाले, तापाच्या भ्रमांत तोल गेला; कोणी म्हणाले, नानांच्या जांचास कंटाळून त्यांनीं उडी घेतली. हा वाद दोनशें वर्षें चालू आहे, आणि त्याचा रोख नेहमीं एकच: नाना दोषी कीं निर्दोष?

आजच्या शास्त्राचा थोडा परिचय असलेल्या माणसाला येथें मोठा मोह पडतो. २००८ मध्यें डेन्मार्कमधील एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला जवळच्या आप्ताच्या मृत्यूचा धक्का बसला, तर मुलास पुढें स्किझोफ्रेनिया होण्याचा संभव दीडपटीहून थोडा अधिक असतो. तारखा जुळवून पाहिल्या तर गंगाबाईंचे ते पहिलेच महिने होते. मग गर्भांतला शोक, बाळपणींचें पोरकेपण, तारुण्यांतला जांच आणि शेवटीं ती उडी, अशी सांखळी किती सहज गुंफतां येते! परंतु २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणींत गर्भावस्थेंतील शोकाचा असा संबंध आढळला नाहीं. बाळपणीं झालेल्या वियोगाचा मात्र आढळला. आणि पहिली पाहणी पूर्ण खरी मानली तरी काय होतें? हा आजार शंभरांत सुमारें एकास होतो. तो संभव दीडपट झाला तरी अशा शंभर मुलांपैकीं अठ्ठ्याण्णवांना तो होत नाहीं. हजारों माणसांवरून काढलेला नियम एका माणसाच्या कपाळावर चिकटवितां येत नाहीं. पेशव्यांच्या बाबतींत जें करणें अन्यायाचें, तें माधवनगरच्या एका मजुराच्या बाबतींतही अन्यायाचेंच.

हा अन्याय शास्त्राच्या नांवानेंही घडलेला आहे. १९४८ मध्यें फ्रीडा फ्रॉम-राइखमन या विदुषीनें, मुलास स्किझोफ्रेनिया होण्यास कारण होणारी विशिष्ट प्रकारची माता असते, अशी कल्पना मांडली. पुढें कित्येक वर्षें अमेरिकेंतील आया रुग्णालयांतून अपराध्यांसारख्या मान खालीं घालून परतल्या. ती कल्पना पुराव्यावर टिकली नाहीं. त्यानंतर १९७२ मध्यें लंडनच्या ब्राउन, बर्ली व विंग यांनीं वेगळी गोष्ट दाखविली: ज्या घरांत रोग्यावर सतत टीका होते, त्याचा राग केला जातो, किंवा काळजीपोटीं त्याला श्वास घेऊं दिला जात नाहीं, तेथें आजार उलटण्याचा संभव अधिक. १९८७ मध्यें चंदिगढच्या कुटुंबांत अशी टीका लंडनपेक्षां पुष्कळ कमी आढळली. वरवर पाहतां हाही घरावरचाच आरोप वाटेल. पण दोन्ही म्हणण्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिलें म्हणतें, 'तुझ्यामुळें हें झालें.' दुसरें म्हणतें, 'जें झालें तें झालें. यापुढें तुझ्या हातीं हें आहे.' पहिलें मागें पाहतें आणि दोष ठरवितें. दुसरें पुढें पाहतें आणि कर्तव्य सांगतें.

येथें एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. दोष कोणाचाच नाहीं म्हटलें, तर सावकार सुटला, बारा-बारा तास राबविणारा मालक सुटला, लेंकराला मारहाण करणारा बापही सुटला. साऱ्यांचें खापर एका अंतःस्रावावर फुटलें! आम्ही तसें मुळींच म्हणत नाहीं. लेंकराला छळणें हा अपराध आहे, आणि तें लेंकरूं पुढें धडधाकट निघालें तरी तो अपराधच आहे. मजुराची झोप लुटणें हा अन्याय आहे, आणि शंभर मजुरांपैकीं एकाही मजुराचें मन बिघडलें नाहीं तरी तो अन्यायच आहे. क्रौर्य सिद्ध करण्यास त्यांतून वेड निघालेंच पाहिजे अशी अट घालणें म्हणजे शहाण्या राहिलेल्या नव्याण्णवांचें दुःख हिशेबांतून वगळणें होय. उलट, वेड दिसलें कीं कोणी तरी क्रूर असलाच पाहिजे असें मानणें म्हणजे निरपराध आयांना फांशीं देणें होय. क्रौर्याचा न्याय क्रौर्य म्हणून करावा आणि आजाराची शुश्रूषा आजार म्हणून करावी. दोहोंची गांठ जेथें पुराव्यानें पडेल तेथेंच पडूं द्यावी.

रोग्याविषयींही हाच विवेक ठेवावा लागतो. भ्रमाच्या भरांत त्यानें जेवण फेंकलें, शेजाऱ्यास शिव्या दिल्या, याचा जाब त्याला विचारूं नये. पण बरें वाटूं लागल्यावर 'हा काय, रसायनांचा खेळ' म्हणून त्याच्या शब्दास किंमतच न देणें हा दुसरा अपमान आहे. औषध घ्यावें, झोप सांभाळावी, पुन्हां चाहूल लागली तर सांगावें, हें त्याचेंही कर्तव्य आहे. आणि ज्याला कर्तव्य आहे त्याला मान असतो.

कारण, दोष आणि कर्तव्य हे तीन शब्द वेगळे ठेवणें तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतच शक्य आहे, असें कोणास वाटेल. तर आपल्याच देशाचा एक कायदा पाहावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचें ११५ वें कलम आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीं आहे, भ्रमाविषयीं नव्हे. पण त्यांतील विचाराची मांडणी आमच्या प्रश्नास नेमकी लागू पडते. जीव देऊं पाहणारा मनुष्य, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखालीं होता असें धरावें, हें त्यांतलें कारण. त्याच्यावर खटला चालवूं नये व शिक्षा करूं नये, हा दोषाचा परिहार. आणि पुन्हां तसें होऊं नये म्हणून त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन करणें शासनाकडे आहे, हें कर्तव्य. दोष संपला म्हणून कायदा हात झटकून उठत नाहीं. जेथें दोष संपतो तेथूनच तो कर्तव्याची मोजणी सुरू करतो. सवाई माधवरावांसाठीं अपराधी शोधण्यांत आपण दोन शतकें घालविलीं. त्या एकवीस वर्षांच्या मुलाला झोप येत होती काय, त्याच्याशीं मोकळेपणानें बोलणारें कोणी होतें काय, हें विचारण्यास मात्र फारसा वेळ काढला नाहीं.

माधवनगरला आम्ही पुन्हां गेलों तेव्हां मुलगा औषधें नियमानें घेत होता आणि दिवसपाळीवर जात होता. आवाज पुष्कळ ओसरले होते. अगदीं गेले आहेत असें तो म्हणाला नाहीं. आईनें त्याला औदुंबरासही नेलें होतें. तेथें नदीकांठीं बसून त्याला बरें वाटलें, असें तिनें सांगितलें. गोळी चुकली नव्हती, त्यामुळें आम्हांस त्यावर कांहीं बोलावयाचें नव्हतें. तिचा जुना प्रश्न आम्हांस आठवत होता, आणि या वेळीं उत्तर देणें आम्हांस भाग होतें. आम्हीं म्हटलें, "वहिनी, तुमचं कुठं चुकलं हे कुठल्याच शास्त्राला सांगता येणार नाही; कारण चुकलं असं ठरवण्याजोगं काही नाही. पण त्याला रात्री झोप मिळते का, घरात कोणी त्याच्यावर ओरडत तर नाही ना, एवढं तुम्ही बघताय. तेच बघत राहा."

ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग आंत जाऊन तिनें मुलाचें ताट वाढलें, आणि तो जेवावयास बसला.